नवं क्रोम आलं की आधी काय वाचायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दर महिन्याला क्रोमची नवी आवृत्ती येते, मागोमाग फायरफॉक्स, मध्येच कधीतरी सफारी. सगळ्या रिलीज नोट्स वाचत बसायचं का? नवीन सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) नक्की कधीपासून बिनधास्त वापरायचं? आणि आमच्या अर्जाच्या पानावर, पान बंद होताना मसुदा साठवायला आम्ही 'अनलोड' इव्हेंट वापरलाय. त्यावर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरला संदेश दिसतात ती खिडकी) वॉर्निंग यायला लागली आहे. ती किती मनावर घ्यायची?"

वॉर्निंगचं शेवटी सांगतो. आधी नोट्सचं.

सगळ्या वाचू नका. वीस वर्षं हेच काम करतोय, मीही वाचत नाही. त्या नोट्समध्ये तीन तऱ्हेचा मजकूर असतो: नवीन काय आलं, काय काढून टाकलं, आणि आधीपासून असलेल्या गोष्टीचं वागणं कुठे बदललं. पहिला भाग सगळ्यात लांब, चकचकीत आणि डेमोसकट असतो. तो सहा महिन्यांनी वाचलात तरी तुमच्या चालू साइटला ओरखडाही येत नाही. दुसऱ्या भागाची सूचना बहुतेक वेळा बरीच आधी मिळते. रात्री अकरा वाजता क्लायंटचा फोन येतो तो तिसऱ्यामुळे. तिथे एखादंच वाक्य असतं, "अमुक गोष्टीचं डिफॉल्ट आता तमुक", आणि त्या वाक्यात तुमच्या साइटचं नाव नसतं.

एक उदाहरण नीट सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलो होतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं. बदल कुकीचा होता, म्हणजे तुमची ओळख लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचा. ज्या कुकीवर 'सेमसाइट' (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती जावी की नाही, याची खूण) काहीच लिहिलेलं नाही, ती आता 'लॅक्स' समजली जाणार होती. म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्ट पद्धतीने (फॉर्म पाठवतात तशी) तुमच्या साइटवर येणाऱ्या विनंतीबरोबर ती कुकी जाणार नाही. मी हे वाचलं होतं. वाचून "हे जाहिरातवाल्यांसाठी असणार" म्हणून पुढे गेलो.

आमच्याकडे तेव्हा एका शिकवणीवर्गाची फी भरायची साइट होती. पालक लॉगिन करणार, पेमेंट गेटवेवर जाणार, पैसे भरणार, आणि गेटवे त्यांना पोस्ट करून आमच्या 'धन्यवाद' पानावर परत आणणार. मार्चच्या सुरुवातीला तक्रारी आल्या: पैसे कापले गेले, परत आलो तर साइट म्हणते लॉगिन करा, पावती नाही. आम्ही ऑफिसमध्ये दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा व्यवस्थित. माझंही क्रोम ८०, पालकांचंही क्रोम ८०. साहजिकच मी ठरवून टाकलं की दोष त्यांच्या नेटचा.

खरी भानगड दोन ठिकाणी होती. एक म्हणजे हा बदल आवृत्तीबरोबर सगळ्यांना एकदम लागू झालाच नव्हता. गूगलने तो थोड्या थोड्या लोकांसाठी चालू करत नेला. त्यामुळे एकच आवृत्ती असलेली दोन मशीन वेगळी वागत होती. दुसरी गंमत जास्त बेरकी होती. लॉगिनचे प्रवाह एकदम फुटू नयेत म्हणून क्रोमने एक तात्पुरती सवलत ठेवली होती: कुकी दोन मिनिटांच्या आतली ताजी असेल तर पोस्टबरोबर जाऊ द्यायची. आम्ही चाचणी करताना लॉगिन करायचो, चाचणीचं कार्ड टाकायचो आणि चाळीस सेकंदांत परत. घरी पालक काय करतो? आधी मुलाचं नाव बरोबर आहे का बघतो, मग कार्ड आणायला आत जातो, मग ओटीपीची वाट बघतो. त्यांची दोन मिनिटं कधीच संपलेली. आमच्या चाचणीचा वेग हाच आमचा बग लपवत होता.

त्यात आणखी एक तिढा. पोस्टबरोबर कुकी न आल्यामुळे सर्व्हरवरचं पीएचपी समजायचं की कोणी नवा माणूस आलाय, आणि नवं सेशन (लॉगिन लक्षात ठेवणारी सर्व्हरवरची नोंद) सुरू करून नवी कुकी पाठवायचं. ती जुन्या कुकीवर जाऊन बसायची. त्यामुळे पालकाने मागे जाऊन मुखपृष्ठ उघडलं तरी लॉगिन गेलेलंच असायचं.

पहिला उपाय म्हणून आम्ही 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' लिहून टाकलं, म्हणजे कुठूनही विनंती आली तरी कुकी जाऊ दे, फक्त जोडणी सुरक्षित हवी. लगेच आयओएस १२ वाले आयफोन बोंबलले. त्यातल्या सफारीत एक बग होता, 'नन' दिसलं की ती त्याला 'स्ट्रिक्ट' समजायची, म्हणजे बरोबर उलटं. क्रोमच्या ५१ ते ६६ या जुन्या आवृत्त्या तर अशी कुकी घेतच नव्हत्या. शेवटी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. गेटवे जिथे परत येतो त्या पत्त्यावर सेशनला हातच लावायचा नाही. व्यवहाराचा क्रमांक आणि सही तपासायची, डेटाबेसमध्ये नोंद करायची आणि ३०३ ने ("आता या दुसऱ्या पत्त्यावर जा" असं सांगणारं उत्तर) स्वतःच्याच साइटवरच्या, साध्या 'गेट' पद्धतीने (नुसतं पान मागून) उघडणाऱ्या पानावर पाठवून द्यायचं. तिथे 'लॅक्स' कुकी बिनबोभाट मिळते.

याला एक शेपूट आहे. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात अत्यावश्यक सेवांच्या साइट बंद पडू नयेत म्हणून गूगलने हा बदल तात्पुरता मागे घेतला. आमच्या दुसऱ्या एका क्लायंटला हीच दुरुस्ती सुचवली होती. तो म्हणाला, "सर, आता चालतंय ना? मग राहू दे." जुलैत क्रोम ८४ बरोबर बदल परत आला आणि त्याचा फोनही.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. नोट्समध्ये "डिफॉल्ट", "यापुढे", "काढले", "प्रतिबंध" असे शब्द शोधायचे, आणि प्रत्येक ओळीला विचारायचं की माझ्या कोणत्या साइटवर पैसे, लॉगिन, फाइल अपलोड किंवा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) आहे. फुटायला बहुधा या चारपैकी एक जागा लागते.

आता आकड्यांबद्दल, कारण आवृत्तीच्या आकड्याचा उगाचच धसका घेतला जातो. क्रोम पूर्वी सहा आठवड्यांनी यायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये ९४ पासून ते चार आठवड्यांवर आलं. फायरफॉक्स २०२० पासूनच चार आठवड्यांवर आहे आणि एज क्रोमच्याच इंजिनावर चालतं. सफारीची मोठी आवृत्ती सप्टेंबरच्या आसपास, पण खरा माल कधी कधी मधल्या आवृत्तीत असतो. मार्च २०२२ मधली १५.४ आठवा: हॅज सिलेक्टर (आत काय आहे ते बघून घटक निवडणारा), डायलॉग, कॅस्केड लेयर, मोबाइलच्या बदलत्या उंचीची नवी एककं, सगळं एका दमात. तेव्हा १०० किंवा १३० या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो कॅलेंडरचा आकडा आहे.

अर्थ नाही, पण तो आकडा वाचणारा कोड मात्र जगभर पडून आहे. २००९ मध्ये ऑपेरा १० आलं तेव्हा कितीतरी साइट पहिला अंक वाचून त्याला 'आवृत्ती १' समजल्या. ऑपेराने हात टेकले आणि आपल्या ओळखीच्या ओळीत (यूझर एजंट, म्हणजे ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगतो ती ओळ) ९.८० लिहून ठेवलं. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभरावर पोचले तेव्हा दोघांनी महिनोन्‌महिने आधी फ्लॅग (चाचणीपुरतं चालू करायचं बटण) देऊन सांगितलं की तीन आकडे झेलता येतात का पाहून घ्या. फायरफॉक्सची तर वेगळीच फजिती. ११० आल्यावर त्याच्या ओळखीत 'आरव्ही:११०' आलं असतं. पण जुन्या कोडमध्ये 'आरव्ही:११' दिसलं की इंटरनेट एक्सप्लोरर ११, असं समीकरण पक्कं होतं. म्हणून ११० ते ११९ पर्यंत त्यांनी तिथे १०९ च गोठवून ठेवलं. एका मेलेल्या ब्राउझरच्या धाकाने जिवंत ब्राउझर दहा आवृत्त्या आपलं वय चोरत होता!

आज तर त्या ओळीवर विश्वास ठेवण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. विंडोज ११ स्वतःला १०.० सांगतं, मॅकवरची सफारी सिस्टिमची आवृत्ती १०.१५.७ च सांगत बसली आहे, आणि २०२३ पासून अँड्रॉइडवरचं क्रोम प्रत्येक फोनला "अँड्रॉइड १०, के" म्हणतं. एका क्लायंटने मला अभिमानाने अहवाल दाखवला होता की आमचे जवळजवळ सगळे ग्राहक अँड्रॉइड १० वर आहेत, त्यामुळे चाचणी तेवढ्याचीच करा. असा अहवाल तुमच्याकडे असेल तर तो बाजूला ठेवा. ब्राउझर कोणता हे विचारायचं नाही, "हे तुला जमतं का" एवढंच विचारायचं.

नवीन सीएसएस कधी वापरायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे २०२३ पासून 'बेसलाइन' नावाची सोयीची खूण मिळते. एखादी गोष्ट क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत आली की ती 'नव्याने उपलब्ध'. त्यानंतर ३० महिने उलटले की 'सर्वत्र उपलब्ध'. कंटेनर क्वेरी (घटकाला मिळालेल्या जागेनुसार त्याचं रूप बदलणं) फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्स ११० बरोबर सगळीकडे पोचल्या, म्हणून त्यांचे ३० महिने ऑगस्ट २०२५ मध्ये भरले. हॅज सिलेक्टर फायरफॉक्स १२१ मध्ये, डिसेंबर २०२३ ला आला, म्हणून त्याची तारीख जून २०२६.

ही खूण चांगली आहे, पण ती तुमच्या गिऱ्हाइकाचा फोन बघून लावलेली नाही. अडकलेली यंत्रं कुठे अडकली आहेत ते पाठ असू द्या, रोज उपयोगी पडतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. तालुक्याच्या ठिकाणी फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानांत असं मशीन मला अजून दिसतं, आणि त्यावर दिवसाला शंभर माणसांचे अर्ज भरले जातात. १०९ म्हणजे कंटेनर क्वेरी आणि हॅज दोन्ही चालतात, ते १०५ मध्येच आले होते. पण सीएसएस नेस्टिंग (नियमाच्या आत नियम लिहिणं) ११२ मध्ये आलं आणि पॉपओव्हर (पानावर उघडणारी छोटी चौकट) ११४ मध्ये, ते नाही. अँड्रॉइड ७ चा फोन क्रोम ११९ वर थांबतो. आयफोन ६ आयओएस १२ वर, ६एस आणि ७ आयओएस १५ वर. १५ च्या शेवटच्या सफारीत हॅज आहे, पण कंटेनर क्वेरी १६ मध्ये आल्या, त्या नाहीत. आणि "मग त्यांनी आयफोनवर क्रोम टाकावं" असं सुचवू नका. युरोपीय संघासारख्या काही ठिकाणी २०२४ पासून नियम सैल होत गेलेत, ते सोडलं तर आयफोनवरचं क्रोमही आतून सफारीचंच इंजिन आहे.

म्हणून माझा हिशोब सजावट आणि काम यांचा. एखादं कार्ड अरुंद जागेत थोडं वेडंवाकडं दिसलं तर कोणाचं काही जात नाही. तिथे नवीन गोष्ट आजच वापरा, जुन्या ब्राउझरला साधं रूप मिळेल एवढं बघा. पण 'पुढे जा' हे बटण पॉपओव्हरच्या आत असेल आणि पॉपओव्हर उघडतच नसेल, तर तो अर्ज त्या झेरॉक्सवाल्याकडे अडला. तिथे थांबा, किंवा दुसरा रस्ता ठेवा.

'सपोर्ट्स' या सीएसएस नियमाने, म्हणजे ब्राउझरलाच विचारून, तपासून वापरायचं, हेही बरोबर, पण एक खड्डा सांगून ठेवतो. फ्लेक्सबॉक्स या मांडणीतला 'गॅप' (घटकांमधलं अंतर) क्रोममध्ये ८४ ला आणि सफारीत १४.१ ला आला. त्याआधीच्या सफारीला "गॅप समजतो का?" विचारलं तर ती "हो" म्हणते, कारण ग्रिड या दुसऱ्या मांडणीतला गॅप तिला समजतो. खोटं ती बोलत नाही, आपला प्रश्नच चुकीचा असतो. मी यात अर्धा दिवस घालवलाय.

एक वेगळी गोष्ट मराठी साइट करणाऱ्यांसाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोम ११० आलं, त्यात तारखा-वेळा लिहिणारी आतली लायब्ररी नवी होती. अमेरिकी पद्धतीच्या वेळेत "१०:३०" आणि "पीएम" यांच्यामधली साधी स्पेस जाऊन एक अरुंद, न तुटणारी स्पेस आली. डोळ्यांना फरक शून्य. पण ज्यांनी त्या मजकुरावर स्पेसने तुकडे करून परत वेळ काढायचा कोड लिहिला होता, त्यांची पानं पडली. इतका गदारोळ झाला की क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी जुनी स्पेस परत आणली. माणसाला दाखवायला बनवलेला मजकूर परत वाचून हिशोब करायचा नाही, हा धडा मराठीत तर पहिल्या दिवशीच मिळतो. तारखेला 'एमआर-आयएन' लोकेल (मराठी, भारत ही भाषेची निवड) दिलं की अंक देवनागरीत येतात. जावास्क्रिप्टला त्या "१५" ची संख्या करायला सांगा, ती मिळत नाही. हिंदी लोकेलमध्ये इंग्रजी अंक येत असल्यामुळे दिल्लीच्या टीमने चाचणी करून पाठवलेला कोड आपल्याकडे फुटतो, तो असा.

अक्षरं मोजण्याचंही तसंच. "क्ष" ची लांबी जावास्क्रिप्ट ३ सांगतं. अक्षरं नीट मोजणारी 'इंटल सेगमेंटर' ही सोय फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ ला १२५ बरोबर आली आणि मग सगळीकडे वापरता येऊ लागली. पण जोडाक्षराला एकच अक्षर धरायचा नियम युनिकोडमध्ये आला २०२३ च्या १५.१ मध्ये. त्यामुळे जुन्या ब्राउझरात "क्ष" दोन भरतं आणि नव्यात एक. "नाव २० अक्षरांपर्यंत" अशी अट घालत असाल तर अंतिम मोजणी सर्व्हरवर करा. नाहीतर ज्ञानेश्वर क्षीरसागर नावाच्या माणसाला एका फोनवर अर्ज भरता येईल आणि दुसऱ्यावर नाही.

प्रत्यक्ष दिनक्रम विचाराल तर महिन्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. टीममधल्या एकाने, शक्यतो चाचणी करणाऱ्याने, रोजचं काम क्रोमच्या बीटावर करायचं, दुसऱ्याने फायरफॉक्सच्या. म्हणजे पुढच्या महिन्यात क्लायंटला जे दिसणार ते आज तुम्हाला दिसतं. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'इश्यूज' नावाचा टॅब आहे, तो कोणी उघडत नाही, उघडा. स्वयंचलित चाचण्यांसाठी प्लेराइट हे साधन वापरत असाल तर त्यातलं वेबकिट (सफारीचं इंजिन) म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे. कीबोर्ड वर आल्यावर खालचं बटण झाकलं जातं का, हे हातातल्या आयफोनवरच कळतं. जुना, काच फुटलेला का होईना, एक ऑफिसात ठेवा.

आणि तुमचं अँड्रॉइड ॲप आतून वेबव्ह्यूवर (ॲपच्या आत वेब पानं दाखवणारा क्रोमचा भाग) चालत असेल तर तेही याच गाडीत बसलेलं आहे. वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून परस्पर अपडेट होतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर ॲप एकामागोमाग बंद पडत होती, अगदी जीमेलसुद्धा. कोणीही स्वतःच्या कोडला हात लावला नव्हता.

कधी कधी बदल चुकीचा असतो, आणि तसं सांगितलेलं ऐकलंही जातं. क्रोम ९२ ने दुसऱ्या साइटच्या आयफ्रेममधले अलर्ट बंद केले, शिकवण्याच्या साइट अडल्या, आरडाओरड झाली, आणि काही दिवसांतच निर्णय पुढे ढकलला गेला. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या ॲरेला 'फ्लॅटन' नावाची सोय द्यायची होती. पण मूटूल्स ही जुनी लायब्ररी वापरणाऱ्या साइट फुटत होत्या, म्हणून नावच बदलून 'फ्लॅट' केलं. तेव्हा खरंच ब्राउझरची चूक वाटली तर दहा ओळींचं उदाहरण बनवून त्यांच्या बग ट्रॅकरवर टाका. "आमची साइट चालत नाही" एवढंच लिहिलंत तर कोणी ढुंकून बघणार नाही.

आता तुमची अनलोडची वॉर्निंग. मनावर घ्या, पण घाबरू नका. क्रोम हा इव्हेंट टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. कारण असं की तो कोणी ऐकत असेल तर पान स्मृतीत जपून ठेवता येत नाही, आणि मग 'मागे' दाबल्यावर ते क्षणात उघडत नाही. मोबाइलवर तर तो आजही भरवशाचा नाही. माणूस पान 'बंद' करतच नाही, व्हॉट्सॲपवर जातो आणि फोन मागच्या मागे तुमचा टॅब मारून टाकतो. म्हणजे तुमच्या अर्जाचे कितीतरी मसुदे आत्ताही साठत नसणार.

बदल असा करा. 'व्हिजिबिलिटीचेंज' इव्हेंट ऐका आणि पान 'हिडन' झालं की मसुदा पाठवा. पाठवायला 'सेंडबीकन' किंवा 'कीपअलाइव्ह' लावलेला फेच (पान गेलं तरी सुरू राहणाऱ्या विनंत्या). दोन्हींना साधारण ६४ केबीची मर्यादा आहे, त्यामुळे जोडलेला फोटो त्यातून जाणार नाही, तो निवडल्या निवडल्याच अपलोड करा. शिवाय दर काही सेकंदांनी लोकल स्टोरेजमध्ये एक प्रत ठेवा. "बदल जतन केलेले नाहीत, तरी जायचं?" हा प्रश्न विचारणारा 'बिफोरअनलोड' वेगळा, तो ठेवा. मात्र खरोखर काही टाइप झाल्यावरच जोडा आणि जतन झाल्यावर काढून टाका.

हे झालं की स्वतःच्या साइटवर परमिशन्स पॉलिसीच्या हेडरमध्ये (पानाला काय वापरू द्यायचं ते सर्व्हर सांगतो ती ओळ) अनलोड रिकाम्या कंसाने बंद करून बघा. क्रोममध्ये उद्याची स्थिती आजच दिसेल. त्याआधी, तुमचा कोड बदलूनही वॉर्निंग येत राहिली तर तिच्या उजवीकडे फाइलचं नाव लिहिलेलं असतं ते वाचा. बहुधा ती तुमची फाइल नसेल, कोणीतरी कधीकाळी चिकटवलेली चॅटची किंवा ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट असेल.